शुक्रवारी तीनपर्यंत

आशाताईंना गरोदरपण तपासायचं जे किट सरकारकडून मिळतं, त्याचं नाव 'निश्चय'. हे नाव दिल्लीत बसलेल्या कुण्या पुरुषानंच ठेवलं असणार, असं अंबिकाचं पक्कं मत होतं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या की बाईचा निश्चय होतो, असं त्यालाच वाटू शकतं. अंबिका अठरा वर्षं काटेसांगवीत आशाचं काम करत होती, आणि तिनं पाहिलं होतं ते असं, की रेघा उमटल्या की घरातल्या झाडून सगळ्यांचा निश्चय होतो, एक ती बाई सोडून.

त्या सोमवारी दिवेलागणीला ती बचत गटाच्या खोलीमागं संडासाच्या दाराशी उभी होती. आत मंजुश्री होती. मंजुश्री म्हणजे किराणा दुकानवाल्या वीरेशची बायको, वय एकोणतीस, दोन पोरींची आई, आणि काटेसांगवी गणातून पंचायत समितीची उमेदवार. दुपारीच अहमदपूरच्या तहसीलला छाननी होऊन तिचा अर्ज मंजूर झाला होता. पोरांनी नको नको म्हणता गुलाल उधळलाच होता, त्यातला थोडा अजून तिच्या भांगात होता. तीन महिने पाळी नाही, ही गोष्ट तिनं प्रचाराच्या धावपळीवर ढकलली होती. बाईमाणूस आपल्या अंगाचं दुखणं कशावरही ढकलतं.

दार उघडलं. मंजुश्रीनं ती पट्टी पुढं धरली.

"दोन हायत," ती म्हणाली. "अक्का, दोन हायत गं."

अंबिकानं पट्टी उजेडात धरून स्वतः रेघा मोजल्या. गावाकडच्या निवडणुकांना एक कायदा आहे. तिसरं मूल झालं की पद गेलं. ग्रामपंचायत असो, पंचायत समिती असो, जिल्हा परिषद असो, बाई असो की बाप्या. आमदार-खासदारांना मात्र तो लागू नाही हं! त्यांना चार होऊ द्या, सहा होऊ द्या, खुर्ची हलत नाही. पंगतीत वाढपी आपलाच असला की असं होतं. मंजुश्रीनं अर्जात 'हयात अपत्ये' या रकान्यात 'दोन' लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. पण निवडून आली आणि उन्हाळा संपता संपता बाळंत झाली, तर तिसऱ्याच्या पहिल्या रडण्याबरोबर तिचं पद जाणार होतं.

आणि तिला या भानगडीत ओढलं कुणी? अंबिकानंच. गावचं उपकेंद्र तीन वर्षं कुलूपबंद होतं. नर्सची जागा रिकामी, तालुक्यात विचारावं तर निवडणुका रखडल्या म्हणून नेमलेल्या प्रशासकाकडं बोट, प्रशासकाला विचारावं तर लातूरकडं बोट. गेल्या पावसाळ्यात व्यंकटीची सून पुनम बाळंतपणाला अडली, तिला टेम्पोत घालून अहमदपूरला नेताना वाटेतच मूल झालं. मूल जगलं, पुनमचं रक्त थांबलं नाही. तेव्हा टेम्पोत दोघीच बायका होत्या, अंबिका पायाशी आणि मंजुश्री उशाशी. पुनमचं डोकं मंजुश्रीच्या मांडीवर थंड झालं. त्यानंतर पंचायत समितीवर मोर्चा नेला तो मंजुश्रीनं, आणि सभापतीच्या रिकाम्या दालनापुढं बसून राहिलीही तीच. 'ही पाहिजे तिथं,' हे अंबिकाच्या डोक्यात तेव्हाच बसलं होतं. जागा महिलांसाठी सुटली तशी अंबिका घरोघर फिरली, मंजुश्रीच्या सासूला पटवलं, नवऱ्याला पटवलं. मानधनावरच्या आशानं प्रचार करू नये असा नियम, म्हणून मागून मागून सगळं केलं.

आता त्या पट्टीकडं बघत तिनं काय करावं? तिचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची पट्टी बाहेर आली.

"रोज एक घे, जेवल्यावर," ती म्हणाली.

अठरा वर्षं दोन रेघा दिसल्या की हेच वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. ठेवायचं आहे का, हे विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. मंजुश्रीनंही मुकाट गोळ्या घेतल्या आणि प्रचारपत्रकांच्या पिशवीत टाकल्या.

तिथंच घात झाला. मंगळवारी सकाळी पत्रकं काढायला म्हणून सासूनं, कमलम्मानं, पिशवीत हात घातला. कमलम्मा उदगीरकडची, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, जिभेला कानडीची धार. सुनेची दोन्ही बाळंतपणं तिनंच काढलेली, त्यामुळं ती बारकी पिवळी गोळी कशाची असते, हे तिला वरचं नाव वाचता न येताही कळत होतं. आधी दुकानात वीरेशला गाठून ती मग तडक अंबिकाच्या दारात आली.

"तूच दिल्यास न्हवं ह्या?" तिनं गोळ्यांची पट्टी नाचवली, आणि अंबिका घाबरून काही बोलायच्या आतच तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "अय्यो शिवा! ऐकलं बग त्यानं! सात वर्सं झाली, आता तरी एक नातू दे म्हणून महादेवाच्या पायऱ्या झिजवून राहिले मी."

"काकू, पण ते निवडणुकीचं..."

"ते ठरिवलंय वीरेशनं आन मी. शुक्रवारी तीनपर्यंत फॉर्म मागं घेता येतोय न्हवं? गुरुवारी धाला गाडी बोलावलीय. बीदरच्या अंगाला एकजण हाय म्हणं, मशीन गाडीत घालून फिरवितोय. तिसऱ्या म्हैन्यात सांगतोय. पोरगा असला तर शुक्रवारी फॉर्म मागं. पोरगी असली तर तिथंच मोकळी करून आणू, मंग लढू दे की निवडणूक खुशाल. आमचं काय जातंय!"

हे आपण आशाला सांगतोय, याचं भान म्हातारीला नव्हतं असं नाही. जाताना ती उंबऱ्यात थांबली, "तू काय परकी हायस व्हय, घरचीच हायस," असं म्हणाली, आणि अंबिकाच्या तोंडाला कुलूप लावून गेली.

अंबिका ताटावरून तशीच उठली. गर्भ तपासणाऱ्याची खबर दिली तर बक्षीस आहे, हे तिनं स्वतः बैठकांत बायकांना सांगितलं होतं. पण खबर दिली तर गाडीत कोण सापडणार? मंजुश्री सापडणार. वर्तमानपत्रात फोटो येणार, तो उमेदवाराचा. आणि नाही दिली तर? मग अठरा वर्षं भिंतीवर 'मुलगी वाचवा' रंगवत फिरलो ती काय नाटकं केली? ती दुपारभर आत-बाहेर करत राहिली. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय, तर त्याच्यावरच खेकसली.

त्यात संध्याकाळी शिवप्रसादचा फोन आला. हा तालुक्यातला पक्षाचा माणूस, तिकीट यानंच दिलेलं. वीरेशनं त्याच्या कानावर घातलेलं दिसत होतं.

"अंबिकाताई, तुमी समजदार हाव म्हणून तुमाला बोलतो. त्या पोटाचं काय ते बिगीबिगी उरकून घ्या. माघार घेतली तर समोरची बिनविरोध होती, आन दिवस राहिलेले बोभाटले तर मतं जातेत. वहिनीला म्हणावं, एक दिवसाचा तर खेळ हाय."

"खेळ?" अंबिका म्हणाली. "तुमच्या घरात खेळून बघा मंग." आणि तिनं फोन कापला.

कापला खरा, पण तिचे कान गरम झाले ते नुसत्या रागानं नाही. शिवप्रसाद तोंडानं जे बोलला, तेच कालपासून ती मनात बोलत होती. गुपचूप होऊन जावं, मंजुश्री उभी राहावी, निवडून यावी, उपकेंद्राचं कुलूप निघावं. स्वतःची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

बुधवारी बचत गटातल्या रत्नम्माच्या अंगणात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या दिवसांत सगळ्याच उमेदवारणी हळदीकुंकवाला फिरत. तीळगूळ घ्या, गोड बोला आणि बटण दाबा. मंजुश्री पन्नास बायकांना हळद लावत हसत होती. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या वाटत होती. अंबिकापाशी आली तेव्हा तिचं हसू तसंच होतं आणि आवाज निराळा होता.

"उद्या धाला गाडी येणार हाय, अक्का."

"म्हाईत हाय."

"तुला म्हाईत हाय?" हळदीचं बोट अंबिकाच्या कपाळावर तसंच राहिलं. "वा! तू गोळ्या दिल्यास. आत्याबाईनं गाडी ठरिवली. ह्यांनी मान हालवली. शिवप्रसादभाऊ म्हणतेत उरका. सगळ्यांचं सगळं ठरलं. मला एकानं तरी इचारलं का गं? तू बी न्हाई."

अंबिकानं तिला हाताला धरून न्हाणीच्या आडोशाला नेलं. बाहेर बायका उखाणे घेत होत्या, हसण्याचा गलका चालला होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता इचारते. तुला काय पाहिजे?"

मंजुश्रीनं हळदीचं बोट पदराला पुसलं. मग एकदम भडाभडा बोलली.

"नको मला. निवडणुकीपायी म्हणत न्हाई, निवडणूक नसती तरी नको. धाकटीच्या येळला माझं किती रक्त गेलं, तूच व्हतीस. आन पुनमचं डोकं अजून हितं हाय माझ्या मांडीवर. निजले की जड लागतंय. ऑपरेशन करते म्हणलं तर पोरगा होईस्तोवर नको म्हणले. ते निरोध वापरीत व्हते, वापरीत व्हते म्हणजे कवा वापरीत, कवा न्हाई. मला न्हाई आता निभायचं, अक्का. पर बीदरला न्हाई जायचं मला. काय हाय ते कळायलाच नको. पोरगा हाय म्हणलं की माझं बी पाऊल अडखळंल. मला माझंच भ्या वाटून राहिलंय."

एवढं खरं अंबिकाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. लातूरला जावं तर गल्लोगल्ली पाहुणे, अहमदपुरात तर बॅनरच लागलेले. राहता राहिलं नांदेड. तिथल्या एका डॉक्टरीणबाई आशांच्या प्रशिक्षणाला एकदा बोलायला आल्या होत्या, त्यांचं नाव तिच्या वहीत होतं.

गुरुवारी सकाळी सहाला दोघी निघाल्या. घरी सांगितलं, पक्षाचे फोटो काढायचेत अहमदपूरला, साडेआठच्या आत परत येतो. अहमदपूरला नांदेडची एसटी मिळाली. मंजुश्रीनं पदर कपाळापर्यंत ओढला होता, कारण स्टँडच्या भिंतीवर तिचाच फोटो हात जोडून उभा होता. लोहा येईपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. लोह्याला साडेआठ वाजले आणि वीरेशचा पहिला फोन आला. मग दुसरा आला. नांदेडला उतरेपर्यंत अकरा फोन झाले होते आणि मंजुश्री प्रत्येक फोनला खिडकीकडं तोंड करत होती. माळ्यावर उंदीर खुडबुडला तरी उठून बसावं, तशी अंबिका प्रत्येक गाडीच्या हॉर्नला दचकत होती.

दवाखाना वजिराबादच्या बाजूला एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. टेबलाशी बसलेल्या नर्सनं कागद पुढं केला आणि विचारलं, "मिस्टर कुठायत? मिस्टरची सही लागते."

झालं! अंबिकानं कागद स्वतःकडं ओढला. एवढं सगळं करून आता एका सहीला अडणार? "आलेले न्हाईत," ती म्हणाली. "मी आशा आहे, मी करते सही."

"तुमची चालत नाही. मिस्टरना बोलवा, नाहीतर उद्या या."

उद्या शुक्रवार होता. मंजुश्री टेबलापुढून हलेना, नर्स चढ्या आवाजात तेच तेच सांगू लागली. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, साठीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. त्यांनी आधी नर्सला झाडलं. "किती वेळा सांगू? बाई सज्ञान आहे, तिची एकटीची सही पुरे. आज नाही, एकाहत्तर साली कायदा झाला तेव्हापासून." मग त्या या दोघींकडं वळल्या आणि आवाज आणखी कडक झाला. "आधीच्या मुलीच असणार, ना? कुठं तपासून आलात?"

अंबिका पेटलीच. पण तिच्याआधी मंजुश्री बोलली. "तपासायला न्यायला गाडी दारात उभी हाय, बाई. म्हणून तर हितं आले."

डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "सोनोग्राफी मी करणार, पण काय आहे ते सांगणार नाही. विचारलंत तर हाकलून देईन."

"मला इचारायचंच न्हाई."

"बरं. आत ये. एकटी." आणि अंबिकाला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर."

"मी तिच्यासंगं आलेय, मॅडम."

"म्हणूनच बाहेर. ती कुणाच्या धाकानं आलीय का, हे मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तुमचा धाक नसेल कशावरून?"

दार लागलं. अंबिका बाकावर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला दाराच्या अलीकडं काही काम नव्हतं. इतकी बाळंतपणं तिनं पार पाडली, पण असं हात बांधून कधी बसली नव्हती. आत काय चाललंय? मंजुश्री फिरली असेल का? फिरली तर फिरू दे, तिनं मनाला बजावलं, आणि पुढच्याच घटकेला तिचं मन म्हणालं, पण उपकेंद्राचं काय? छी! तिनं स्वतःला चिमटा काढला. डॉक्टरीणबाई बरोबर बोलल्या होत्या. धाक तिचाही होताच. मंजुश्रीचा मोबाईल तिच्या पिशवीत वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. मग तिचा स्वतःचा वाजायला लागला. एक वाजला. दीड वाजला. नर्स दोनदा आत-बाहेर झाली, पण तोंडावरून काही कळेना.

अडीचला दार उघडलं. मंजुश्री भिंतीला धरून आली, ओठ पांढरे पडलेले, डोळे कोरडे.

"झालं," ती म्हणाली. "तीनदा इचारलं बाईंनी. तिन्ही बारीला तेच सांगितलं मी. चहा पाज, अक्का."

परतीच्या एसटीत ती अंबिकाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. लोह्याच्या पुढं थोडी रडली, आणि का रडतेस हे अंबिकानं विचारलं नाही.

घरी पोचायला संध्याकाळचे साडेपाच झाले. बीदरची गाडी अजून दारात होती, ड्रायव्हर बॉनेटवर बसून शेंगा खात होता. वीरेश ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. कमलम्मा उंबऱ्यातच बसली होती.

"कुठं उलथली व्हतीस?"

"नांदेडला," मंजुश्री म्हणाली. "मोकळी होऊन आले."

वीरेश खाली बसला तो बसलाच. कमलम्मा चौकटीला धरून उठली.

"काय व्हतं?"

"इचारलं न्हाई."

"इचारलं न्हाई म्हंजी? पोरगा असंल तर? माझा नातू असंल तर, भवाने?"

"असंल. नात बी असंल. मी इचारलं न्हाई."

मग म्हातारी जी सुटली, ती गल्ली गोळा होईस्तोवर. रांडे म्हणाली, घर बुडवलंस म्हणाली, ह्या अंबिकेला आधी बाहेर काढा म्हणाली. "मला दोन डाव नेलं व्हतं सासऱ्यानं, हैदराबादला! दोनी डाव गाडीत घालून नेलं, पोटात सुई घालून पाणी तपासलं आन पोरी हायत म्हणून मोकळी करून आणलं. मला कुणी इचारलं व्हतं? मी मेले का? नांदले न्हाई का ह्याच घरात? आन तू मोठी पुढारीण! उद्याच्या उद्या फॉर्म मागं घे. वीरेश, उद्या हिला तहसीलला नेऊन फॉर्म मागं घ्यायचा!"

वीरेशनं मान वर केली आणि बायकोकडं बघितलं. मंजुश्री खांबाला टेकून उभी होती, तिच्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं.

"मागं घ्यायला बी माझीच सही लागती," ती म्हणाली. "आजच्या कागदावर माझी एकटीची व्हती. उद्या मी करणार न्हाई."

ती आत जाऊन पोरींच्या शेजारी आडवी झाली. शुक्रवारचं सांगायचं तर, तीन वाजले आणि वाजून गेले, तहसीलला कुणी गेलं नाही, एवढंच. वीरेशनं त्या गुरुवारी संध्याकाळीच ड्रायव्हरला काही न बोलता घालवलं आणि दुकान न उघडता ओसरीवरच बसून राहिला. निकाल पुढं काय लागायचा तो लागला. पण अंबिकाच्या मनातून ती संध्याकाळ आजही जात नाही, ती वेगळ्याच गोष्टीपायी.

ती चपला घालत होती, तेव्हा मागून कमलम्मानं हाक मारली. आवाज बसलेला होता, शिव्या संपल्या होत्या.

"अंबिके. खरंच निस्ती बाईची सही चालती?"

"चालती, काकू. तिच्या मनाबिगर हातच लावता येत न्हाई. तसा कायदाच हाय."

"कवापास्नं? भूकंपाच्या आधी का मागनं?"

लातूरकडची माणसं अजून वर्षं त्र्याण्णवच्या भूकंपावरूनच मोजतात. अंबिकाला उत्तर देऊ नये असं वाटलं. पण सकाळपासून इतकं खरं ऐकलं होतं, की खोटं बोलायला जीभ उचलेना.

"लई आधी, काकू. एकाहत्तर सालचा हाय."

कमलम्मा बोटांवर काहीतरी मोजत राहिली. एकदा मोजलं, परत पहिल्यापासून मोजलं.

"मंग माझ्या दोनी येळंला व्हता की गं तो," ती म्हणाली.